शनिवारचा बेत

नाशिककराचा वीकेंड म्हणजे मिसळ. कुठली खायची यावर घरात भांडणं होतात, खायची की नाही यावर कधी झालेली मला आठवत नाहीत. शुक्रवारी रात्रीच ठरलेलं असतं: साडेआठला निघायचं, गंगापूर रोडने गावाबाहेर, एखाद्या मळ्यातली चुलीवरची मिसळ, सोबत पापड, दही, आणि शेवटी जागा उरली नसतानाही जिलबी. या बेताला तयारी लागत नाही. भूक लागते, आणि गाडी लावायला जागा.

नेमका आम्ही चपला घालत असताना भाच्याचा फोन येतो. तो अमेरिकेत, मिनेसोटात असतो. आपली शनिवारची सकाळ म्हणजे त्याची शुक्रवारची रात्र, त्यामुळे त्याचा वीकेंड जेमतेम सुरू झालेला असतो आणि अंगात उत्साह मावत नसतो.

"मामा, उद्या पेल एल टाकतोय. एकोणीस लिटर. आणि रविवारी मागची बाटल्यांत भरायची."

भाचा घरी बिअर बनवतो; एल हा तिचाच एक प्रकार. गॅरेजमध्ये एक मोठं स्टीलचं पातेलं, झाकणाचा बादलीएवढा डबा, तांब्याच्या नळीचं वेटोळं आणि सगळीकडे बाटल्या. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा आईने, म्हणजे त्याच्या आजीने, माझ्या हातातून फोन ओढून घेतला होता.

"काय रे, दारू गाळतोस म्हणे?"

"गाळत नाही गं आजी. गाळतात ती हातभट्टीची. ही आंबवतात."

"आणि पोलीस?"

त्याने मग आजीला कायदा सांगितला. अमेरिकेत पूर्वी घरी बिअर करायला बंदीच होती. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि पुढच्या वर्षीपासून ती उठली. आता घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला दोनशे गॅलन करता येते, फक्त विकायची नाही. दोनशे गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर. आईने मनातल्या मनात बाराने भागलं असावं, कारण तिचा पुढचा प्रश्न होता, "महिन्याला साठ लिटर पितं कोण?"

आपल्याकडे हा प्रश्न उद्भवत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि परवान्याशिवाय घरात बिअर शिजवणं त्यात बसत नाही. गंमत अशी की मी राहतो त्या गावाचं नाव आता वाइनमुळे ओळखलं जातं. २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली, आणि तोवर द्राक्षं खायची किंवा त्यांचे बेदाणे करायचे एवढंच ठाऊक असलेल्या गंगापूर धरणाच्या परिसरात शनिवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागू लागली. भाचा मला चिडवतो, "मामा, नाशकात राहून तू काय करतोस, तर आल्याचं पाणी." त्या आल्याच्या पाण्याकडे मी येतोच, पण आधी नागली.

एका शनिवारी मिसळ राहिली, कारण बाहेर अवकाळी पाऊस होता. फोन लांबला. भाचा कॅमेरा पातेल्यावर धरून आजीला सगळं दाखवत होता. हे माल्ट, म्हणजे बार्ली. ती भिजवतात, मोड आणतात, मोड थोडे वाढले की वाळवतात, मग भट्टीत भाजतात. कमी भाजली की बिअर सोनेरी, जास्त भाजली की कॉफीसारखी काळी.

आई चष्मा पुसत होती. पुसता पुसता थांबली.

"म्हणजे नागलीचं सत्त्व."

"काय?"

"भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं, दळायचं. तुला सहाव्या महिन्यापासून तेच भरवलंय मी. तुझ्या आईला बँकेतून सुटी कुठे होती?"

पलीकडे शांतता. मग भाचा म्हणाला, "आजी, म्हणजे मी सहा महिन्यांचा असल्यापासून माल्ट खातोय?"

आता हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. धान्याला मोड येतात तेव्हा आतल्या पिष्टाची साखर करणारी विकरं जागी होतात; कोंबाला वाढायला साखर हवी असते. बिअर करणारा त्याच विकरांना कामाला लावतो. भरडलेली बार्ली सहासष्ट-सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायची. त्याहून फार तापलं तर विकरं मरतात, फार गार राहिलं तर आळसावतात. तासाभराने ते पिठूळ पाणी गोड लागायला लागतं. आईला विकरं वगैरे माहीत नाहीत, पण तिला हे माहीत आहे की साध्या नागलीच्या पिठाची लापशी चमच्यावर गोळा होऊन बसते, आणि मोडाच्या पिठाची पातळ राहते, उलट थोडी गोडसर लागते, म्हणून पोराच्या घशाखाली उतरते. एकच गोष्ट. एकीने झबल्यातल्या नातवासाठी केली, दुसरा गॅरेजमध्ये टोपी घालून करतो.

त्यानंतर आईची भीड चेपली. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे प्रतिशब्द निघू लागला. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी गोड पाण्यात तरंगते आणि किती साखर आहे ते सांगते, सुरुवातीला १.०५० दाखवते, साखर संपून तिची दारू झाली की १.०१० वर येते. आई म्हणाली, "लॅक्टोमीटर. दूधवाल्याला दाखवला की तो चेहरा पाडायचा." बरोबर आहे, तत्त्व तेच. उरलेला चोथा काय करतोस, असं तिने विचारलं. शेजाऱ्यांच्या कोंबड्यांना देतो, हे उत्तर ऐकून तिच्या मनातला बिअरविषयीचा बराचसा राग मावळला. वाया घालवत नाही म्हटल्यावर मुलगा बिघडला असं म्हणता येईना.

सगळ्यात आवडलं ते यीस्टचं. मागच्या खेपेचा तळाचा गाळ भाचा बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवतो आणि पुढच्या खेपेला वापरतो. एकदा त्याचा संपला, तर दोन गल्ल्या पलीकडच्या एका बिअरवाल्याकडून वाटीभर आणला.

"विरजण!" आई म्हणाली. संध्याकाळी वाटी घेऊन शेजारी विरजण मागायला जाणं हे नाशकातून कधीच संपलं, आता पिशवीतलं दही येतं. ते मिनेसोटाच्या बर्फात अजून चालू आहे याचा तिला भलताच आनंद झाला. मी मग माझं ज्ञान पाजळलं. जर्मनीत बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी १५१६ साली फर्मान काढलं होतं की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. त्यात यीस्टचं नावच नाही, आणि ते नेमकं काय असतं हे तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हतं.

"विरजणाचं नाव नाही?" आई म्हणाली. "पुरुषांनी लिहिलं असणार."

यात तथ्य असावं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल घरोघरी बायकाच करत. पाव भाजणं, एल करणं, ही चुलीपाशीची कामं. धंदा मोठा होत गेला तशी ती पुरुषांच्या हाती गेली.

आता माझं आल्याचं पाणी.

कायदा बिअरला आडवा येतो, जिंजर एलसारखं फसफसणारं आल्याचं सरबत करायला नाही, एवढ्या आधारावर मी सुरू केलं. आलं सालीसकट किसायचं. साल काढायची नाही, कारण आपल्याला हवे ते जीव सालीवरच असतात. बरणीत पाणी, चमचाभर आलं, चमचाभर साखर. रोज एकेक चमचा वाढवत राहायचं. पाच-सहा दिवसांनी बरणीला कान लावला की आत कोणीतरी कुजबुजत असतं. मग आलं उकळून गोड पाणी करायचं, गार झालं की लिंबू पिळायचं आणि बरणीतलं थोडं पाणी विरजण म्हणून घालून बाटल्या बंद करायच्या. दोन दिवसांत सोड्यासारखा फेस धरतो, की लगेच फ्रीजमध्ये. एका द्राक्ष बागायतदार मित्राने सुचवलं, आल्याऐवजी द्राक्षं टाक, त्यावरची पांढरी पावडर म्हणजे यीस्टच. सगळे असंच सांगतात. ती पांढरी पावडर असते मेणाची, द्राक्षाचं स्वतःचं मेण, आतला ओलावा राखणारं. पण ज्याची तीन एकर बाग आहे त्याला हे सांगायला जाऊ नये.

गेल्या मे महिन्यात मी एक चूक केली. काचेच्या चार बाटल्या भरल्या, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवल्या आणि लग्नाला गेलो. दोन दिवसांचे चार दिवस झाले. बाहेर चाळीस अंश. परत आलो त्या रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात बार उडाला. बायकोला वाटलं सिलिंडर, आईला वाटलं चोर. दिवा लावला तर काचा फ्रीजपर्यंत, आणि छतावरून आल्याचा पाक ठिबकत होता. छत पुसण्यासाठी घरात कुठलीही व्यवस्था नसते हे मला त्या रात्री कळलं. उरलेल्या तीन बाटल्या गोणपाटात गुंडाळून, हेल्मेट घालून, गच्चीवर नेऊन उघडल्या. मुंग्या पंधरा दिवस येत होत्या.

भाचा फोनवर इतका हसला की त्याच्या डब्यावरचा एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी, बुडबुडलेला ऐकू येईना. मग त्याने युक्ती सांगितली, जी त्याने आधी सांगायला हवी होती. काचेच्या भरताना एक प्लास्टिकची बाटली बरोबर भरायची. रोज ती दाबून बघायची. मऊ आहे तोवर थांबायचं. दगडासारखी झाली की सगळ्या फ्रीजमध्ये. एवढंच. आत काय चाललंय ते बोटाला कळतं.

भाच्याचे सगळे बेत तडीस जातात असं समजू नका. शुक्रवारी रात्रीचा बेत दोन खेपांचा असतो. शनिवारी दुपारी कळतं की बाटल्या धुवायलाच दोन तास लागतात. पन्नास बाटल्या, आणि एकीतही जुना डाग चालत नाही. त्याच्या हिशेबाने बिअर करणं म्हणजे तीन भाग धुणं, एक भाग वाट बघणं, आणि उरला वेळ तर बिअर करणं. संध्याकाळी बायको विचारते जेवायला काय, तर शेगडीवर पातेलं उकळतंय. रविवारी बर्फ पडलेलं असतं, ते उपसायचं असतं. बेत मोठा असतो, पार पडतो तो बेताचाच. तरी पुढच्या शनिवारी फोन येतोच. "मामा, या वेळी काळी स्टाउट." मला वाटतं त्याला बिअरपेक्षा शुक्रवारची ती रात्र जास्त आवडते, जेव्हा पातेलं स्वच्छ असतं आणि अजून काहीच चुकलेलं नसतं. पिताना मी त्याला फार पाहिलेला नाही. दोन आठवडे आंबवायची, मग बाटलीत आणखी दोन आठवडे, म्हणजे आज टाकलेली महिन्याने प्यायची. तोवर त्याचं मन पुढच्या तीन खेपांवर गेलेलं असतं.

थंडीत मात्र आम्ही दोघे एका पातळीवर येतो. जानेवारीत निफाडचा पारा घसरला की नाशकात इडलीचं पीठ फुगत नाही. आई डबा शालीत गुंडाळते. तिकडे बाहेर उणे वीस, भाचा त्याचा डबा जुन्या रजईत गुंडाळतो. दोघांनी एकमेकांना फोटो पाठवलेत. शाल जास्त चांगली आहे.

परवाच्या शनिवारी त्याने मला नव्हे, थेट आजीलाच मागितलं.

"आजी, नागली किती वेळ भिजवायची?"

"रात्रभर. सकाळी उपसायची, फडक्यात घट्ट बांधायची. तुझ्याकडे थंडी आहे, दोन दिवस लागतील. मध्ये मध्ये पाण्याचा हबका मारायचा. मोड एवढासा दिसला की बास, लांबू द्यायचा नाही. सावलीत वाळव. भाजताना मंद आच." तिने कागद-पेन्सिल घ्यायला लावली, परत म्हणून दाखवायला लावलं. "नागली मिळते का तिकडे?"

"इंडियन दुकानात मिळते. पाच किलो आणलीये."

"पाच किलो?" आई थांबली. "घरात तान्हं मूल नाही. एवढ्या सत्त्वाचं काय करणार आहेस तू?"

"लापशी," भाचा म्हणाला.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी ओट्याकडे वळलो आणि प्लास्टिकची बाटली दाबून पाहिली. अजून मऊच होती.