आमची वाटचाल : फॉरमॅट सगळ्यात शेवटी

२००३ साली इचलकरंजीत कॉम्प्युटरचं दुकान टाकलं तेव्हा काम म्हणजे मुख्यतः असेंबलिंग, पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची डिस्क आणि तो टेबल वाकवणारा जाडजूड सीआरटी मॉनिटर. गिऱ्हाईक दोन प्रकारचं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी मशीन घेणारे कारखानदार आणि पोरगी एमएस-सीआयटीला बसलीय म्हणून घरी कॉम्प्युटर पाहिजे म्हणणारे. रिपेअरिंग हा जोडधंदा होईल असं वाटलेलं, पण दोनेक वर्षांत सगळं उलटं झालं, आणि त्याचं कारण आमच्या गावात हवेतच आहे.

यंत्रमागाचं गाव हे. निम्म्या घरांच्या खाली नाहीतर शेजारी माग चालू, त्यामुळे सुताची बारीक धूळ कुठेही जाऊन बसते. मशीन आपोआप बंद पडतंय, गेम लावला की हँग होतंय, फॅन विमानासारखा ओरडतोय, अशी तक्रार आली की लोक आधीच कुठूनतरी फॉरमॅट मारून (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकून) आलेले असायचे आणि तरी तेच. आम्ही कॅबिनेट उघडायचो तर प्रोसेसरवरच्या फॅनखाली हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या फटीत सुताची अक्षरशः गादी बसलेली, हवा जायला जागाच नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो, इतकं साधं. ब्रश, ब्लोअर, जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवीन थर्मल पेस्ट, झालं. घरी कुणी करणार असेल तर वायर काढून करा आणि ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोरावर तो भलत्याच वेगानं फिरतो आणि बेअरिंग जाते. लॅपटॉपला पण हेच लागू, फक्त तो गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरला की खालून हवा घ्यायची जाळी बंद होते हे जास्तीचं.

मग लोडशेडिंगचा काळ आला. तेव्हा यूपीएस एवढे विकले की विचारू नका, पण खरा प्रश्न अर्थिंगचा होता. कॅबिनेटला हात लावला की चुणचुणतं असं कुणी म्हणालं की आम्ही मशीन बघायच्या आधी वायरमनला बोलवायला सांगतो, अजूनही. यूपीएसची ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकतेच, म्हणून अख्खा यूपीएस बदलायची गरज नसते. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका हो, तो तापताना एकदम एवढा लोड घेतो की यूपीएस बोंब मारतो.

याच काळात आम्ही ठरवलं की दुकानात फॉरमॅट सगळ्यात शेवटी. आधी पॉवर, मग धूळ, मग रॅम काढून कॉन्टॅक्ट खोडरबरनं पुसून परत बसवायची, मग डिस्कची तब्येत, आणि एवढं करून नाहीच जमलं तर गिऱ्हाईकाला विचारून, डेटा बाजूला काढून मग फॉरमॅट. धंद्याच्या दृष्टीनं हे वेडेपणाचंच होतं म्हणा, कारण फॉरमॅटचे पैसे ठरलेले आणि काम तासाभराचं. "बाहेर लगेच मारून देतात की ओ, तुम्हालाच का एवढा वेळ?" हे रोज ऐकलं. पण पेनड्राइव्हच्या शॉर्टकट व्हायरसच्या वेळी लोकांना पटलं. सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट दिसायचे, माणसं समजायची फोटो गेले, आणि फॉरमॅट मारला की खरंच जायचे. फाइल्स बहुतेक वेळा तिथेच असायच्या, नुसत्या लपवलेल्या. एका पेढीच्या दिवाणजींचे तीन वर्षांचे हिशेब असेच परत मिळाले, त्यांनी नंतर अख्खी गल्ली आमच्याकडे पाठवली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा दुकानात चिखलानं भरलेल्या कॅबिनेटची रांग लागली होती. मदरबोर्डचं सोडा, लोकांना डिस्क पाहिजे होती. भिजलेलं मशीन चालू होतंय का ते बघू नका हे आम्ही ओरडून सांगत होतो, कारण साध्या हार्डडिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत गेलेलं असलं आणि तुम्ही करंट दिला की डेटा वाचणारं हेड आतल्या फिरत्या तबकडीवर घासून उरलंसुरलं पण जातं. ज्यांनी आमचं ऐकलं त्यातल्या काहींच्या डिस्क रिकव्हरीवाल्यांकडे पाठवता आल्या. खर्च ऐकून बऱ्याच जणांनी पाठवल्या नाहीत, तेही खरं. तेव्हापासून नवीन मशीन देताना बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क घ्याच असं मागे लागतो आणि ती त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, माळ्यावर ठेवा असंही सांगतो.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, पण फोन चालू. शाळा ऑनलाइन झालेली, काकी घाबरून फोन करायच्या, "अरे आवाजच येईना, क्लास सुरू झालाय!" तिथे आम्ही फोनवर निदान करायला शिकलो. पहिला प्रश्न, रीस्टार्ट केलं का? शटडाऊन नव्हे हं, रीस्टार्टच. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप असतं त्यामुळे शटडाऊन केलं तरी जुनी अर्धी अवस्था सेव्ह होऊन परत येते, रीस्टार्टला मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. लॅपटॉप चालूच होत नसेल तर चार्जर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा, मग चार्जर लावून बघा. कुठलीच वेबसाइट सुरक्षित नाही असं सांगायला लागला तर कोपऱ्यातली तारीख बघा, २०१० वगैरे दाखवत असेल तर आतला, तारीख-वेळ सांभाळणारा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल संपलाय, तारीख नीट केली की साइट उघडतात आणि सेल किराणा दुकानातपण मिळतो. असल्या फोनचे पैसे आम्ही घेत नाही, त्यातूनच वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट देणारी निम्मी मंडळी मिळाली.

स्लो आहे ही तक्रार मात्र कायमची. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर येतो, त्यात डिस्क सारखी १०० टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर क्लीनर सॉफ्टवेअर टाकून काही होत नाही, एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क टाका. आमच्या मते एवढा फरक पाडणारा दुसरा खर्च नाही, नवीन लॅपटॉप विकला असता तर आम्हाला जास्त सुटले असते तरी.

हल्ली रोज एकतरी फोन असा असतो की कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर सायरन वाजतोय आणि मायक्रोसॉफ्टचा म्हणून नंबर आलाय. तो नंबर लावायचा नाही, कुणाला रिमोट ॲक्सेस द्यायचा नाही, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, आम्हाला नंतर.

आणि सध्या दुकान भरलंय ते विंडोज १० मुळे, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. इंटेलच्या सातव्या जनरेशनपर्यंतच्या बहुतेक मशीन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत, म्हणून लोक चांगल्या मशीन भंगारात काढायला निघालेत. घाई करू नका. घरगुती युजरला ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट घ्यायची सोय आहे, विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन एनरोल करायचं, मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. नुसतं ब्राउझिंग आणि ईमेल असेल तर आम्ही विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीमपण टाकून देतो, टॅलीवाल्यांना मात्र ते सुचवत नाही. येताना लॅपटॉपबरोबर चार्जर आणा, निम्मे लोक विसरतात.