मे गुस्ता म्हणजे मला आवडतं

दर शनिवारी सकाळी दोन तास मी लायब्ररीत इंग्लिश शिकवायला जाते, वॉलंटियर म्हणून, फुकट. न्यू जर्सीतल्या एडिसनला आपली मंडळी ढीगभर आहेत पण तिथून जवळच न्यू ब्रन्सविक आहे आणि तिथे मेक्सिकोतल्या वाहाकाकडचे लोक खूप. माझ्या वर्गात तेच, कोणी बांधकामावर, कोणी हॉटेलच्या किचनमध्ये, एक मावशी हॉटेलच्या खोल्या आवरतात. मला सगळे माएस्त्रा म्हणतात, म्हणजे आपलं शाळेतलं "बाई". आई शिक्षिका होती, मी नाही म्हणून इंजिनियर झाले, आणि आता बघा.

सुरुवातीला मी आपली पुस्तकातलं आय लाइक, यू लाइक घोकून घ्यायचे आणि मावशी दर वेळी "मी लाइक द कॉफी" म्हणायच्या. दहादा सांगितलं, इंग्लिशमधलं "मी" (me) नाही, "आय", तरी तेच. मग एकदा म्हटलं तुमच्या भाषेत लिहून दाखवा, तर वहीत लिहिलं, मे गुस्ता एल काफे. मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडते. आणि एका कॉफीऐवजी पुस्तकं असतील तर गुस्ताचं गुस्तान होतं, म्हणजे आवडतेचं आवडतात! अहो हे तर सरळ मराठी आहे. आपल्याकडेही आवडण्याचं क्रियापद कॉफीच्या मागे जातं, आपण नुसते "मला" म्हणून बाजूला बसलेले असतो, आणि इंग्लिशमध्ये मात्र सगळं त्या आयनेच करायचं. त्या दिवसापासून मी पुस्तक घरी ठेवलं आणि चूक झाली की आधी विचारते, तुमच्यात कसं म्हणतात?

एकजण वय सांगताना आय हॅव थर्टी इयर्स म्हणायचा, कारण स्पॅनिशमध्ये वर्षं "असतात", तेंगो त्रेइन्ता आन्योस. भूकसुद्धा तशीच, तेंगो आम्ब्रे, माझ्याकडे भूक आहे. आपली लागते, त्यांच्याकडे असते, आणि इंग्रज माणूस स्वतःच भुकेला असतो, आता यात लॉजिक कोणाचं बरोबर?

"द"ची तर गंमतच. ते म्हणणार द लाइफ इज हार्ड, कारण ला विदा, त्यांच्यात आयुष्यालाही आर्टिकल लागतं. आपल्यात आर्टिकलच नाही, म्हणून मी वीस वर्षं इथे राहूनही ऑफिसच्या ईमेलात द गाळते आणि मॅनेजर गुपचूप घालतो. वर्गात सांगितलं की तुमचे उरलेले द मला द्या, तर सगळे हसले, आणि मला वाटतं तेव्हापासून भीती जरा कमी झाली.

प्रश्न विचारतानाचा "डू" त्यांना पटतच नाही. स्पॅनिशमध्ये शब्द बहुतेक तसेच ठेवून नुसता आवाज बदलला तरी प्रश्न होतो, म्हणूनच तर स्पेनच्या भाषा अकादमीने 1754 साली वाक्याच्या सुरुवातीलाच उलटं प्रश्नचिन्ह घालायची सोय केली, वाचणाऱ्याला आधीच कळावं म्हणून. आपण शेवटी "का" लावून मोकळे.

उच्चारांचं मात्र खरंच अवघड आहे. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, आणि लिहिलंय तसंच वाचायचं, जवळपास आपल्या देवनागरीसारखं. इंग्लिशमध्ये डझनभर स्वर आणि स्पेलिंगचा भरवसा नाही. मावशींना कामावर रोज बेडशीट मागावी लागते आणि ती शीट ऱ्हस्व झाली की काय होतं ते मी इथे लिहीत नाही. स्कूलला एस्कूल म्हणतात त्याला मात्र मी कधी हसले नाही, आमची आजी स्टेशनला जन्मभर इष्टेशन म्हणायची, आणि स्पॅनिशमध्ये स्टेशनला खराखुरा शब्दच एस्तासिओन आहे. आजी तिकडे बरोबर ठरली असती.

आणि मग तो सेफ्टी वेस्टचा, म्हणजे कामावर घालायच्या जाकिटाचा किस्सा. बांधकामावरचा तो मुलगा दुकानात वेस्ट मागायला गेला, पण स्पॅनिशमध्ये ब आणि व एकच, त्यामुळे तो बेस्ट म्हणत राहिला आणि दुकानदार विचारत राहिला, बेस्ट काय? मी मोठ्या रुबाबात म्हटलं, असं नाही, म्हण वेस्ट, वेस्ट. शेजारच्या टेबलावर एक गोऱ्या आजी पेपर वाचत होत्या, त्यांनी मान वर करून विचारलं, पश्चिमेला काय आहे? आपला व त्यांना डब्ल्यू ऐकू येतो ना! शेवटी त्यांनी आम्हा दोघांनाही वरचे दात खालच्या ओठावर टेकवून पाच मिनिटं व्व्व करायला लावलं, मी आणि तो, दोन मधमाश्या.

वर्गातल्या काहींची तर स्पॅनिशसुद्धा दुसरी भाषा, घरात सापोतेक बोलतात, ही वाहाकाकडची मूळची भाषा. म्हणजे इंग्लिश तिसरी. हे मला चार महिन्यांनी कळलं, मी विचारलंच नव्हतं.

गेल्या शनिवारी मावशी थर्मास घेऊन आल्या, दालचिनी आणि त्यांच्याकडचा गूळ घालून उकळलेली कॉफी. कप पुढे केला आणि अगदी स्पष्ट म्हणाल्या, डू यू लाइक इट? डू आला! मी खुशीत म्हटलं, मे गुस्ता मुचो.

तर बोट हलवून म्हणाल्या, नो नो माएस्त्रा, इंग्लिश प्लीज.