कापडाचा स्वतःचा रंग

'टाकाऊतून टिकाऊ' करताना आमच्या चित्रकलेच्या बाईंची एकच अट असे: वरून रंग द्यायचा नाही. बाटलीला सोनेरी रंग फासून फुलदाणी करणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "वस्तू लपवायचीच होती, तर ती घेतलीत कशाला?" असं त्या विचारायच्या.

जीन्सचं कापड मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्यांच्या वर्गात. फाटक्या पँटच्या गुडघ्याजवळचा तुकडा घेऊन त्यांनी सुईने धागे सुटे केले. उभे निळे, आडवे पांढरे. निळ्या धाग्याचा पीळ उलगडला, तर तोही आतून पांढुरकाच! नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरवर बसते; घासलं की आतला पांढरा भाग उघडा पडतो. म्हणून गुडघा फिका, शिवणीच्या दुमडीत गडद, आणि मागचा खिसा उसवला की खाली नवाकोरा निळा. एका पँटमध्ये आभाळाच्या कितीतरी छटा! आमच्या वर्गाचं पावसाळी आभाळ त्यातूनच झालं. ढगांसाठी कापड उलटं लावलं, कारण उलट्या बाजूला पांढरे धागे जास्त दिसतात; कडांच्या दशा तशाच सोडल्या. सुती तुकडे खळीने छान चिकटले, नायलॉनचे मात्र टाके घालूनच बसवावे लागले.

पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. त्यात सायकलही दिसते आणि बैलही. बाईंना हेच हवं असायचं. नेकचंद हे नावही त्यांच्याच तोंडून ऐकलं. चंडीगडमध्ये रस्ते निरीक्षकाची नोकरी करत त्यांनी पाडलेल्या घरांचं सामान, फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे गोळा केले आणि सरकारी जमिनीवर वर्षानुवर्षं गुपचूप शिल्पं उभारली. १९७६ मध्ये ते रॉक गार्डन लोकांसाठी खुलं झालं. जुन्या कपड्यांच्या मोठमोठ्या बाहुल्याही त्यांनी केल्या, हे मला फार पुढे वाचनात आलं. बाईंना ते लगेच कळवलं.

शाळेला एक विनंती आहे. चित्रकलेच्या खोलीत एक कपाट फक्त जुन्या कपड्यांसाठी ठेवावं. कपडे धुतलेले असावेत. सुती, लोकरी आणि नायलॉनचे वेगवेगळ्या कप्प्यांत लावावेत. बटणं, चेन, हुक यांना एक वेगळा डबा हवाच. मुलांना पहिले काही तास कात्री न देता नुसतं कापड उसवू द्यावं. कपाट आलं की पहिलं गाठोडं मी पाठवीन.