तीन पक्ष आणि एक टाच

१८ मे २०२४, शनिवार. सोमवारी नाशिकमध्ये लोकसभेचे मतदान असल्यामुळे प्रचाराच्या तोफा त्याच संध्याकाळी थंडावल्या होत्या, आणि महिनाभर कॉलेज रोडवरून भोंगे लावून फिरणाऱ्या रिक्षा एकदाच्या गप्प झाल्याचे सुख मी उपभोगत होते, तोच वीज गेली. माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये इन्व्हर्टरवर दोन दिवे आणि दोन पंखे चालतात. शेक देण्याची आणि वेदना कमी करण्याची विजेवरची यंत्रे मात्र चालत नाहीत. त्यामुळे आतल्या एका आजींचे व्यायाम हातानेच उरकून मी बाहेरच्या खोलीत येऊन बसले. तिथे तिघे जण होते, आणि एक निवडणूक संपते न संपते तोच त्यांची दुसरी सुरू झाली होती.

एक होते देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीतून निवृत्त झालेले सुभेदार. सहा आठवड्यांपूर्वी त्यांच्या डाव्या गुडघ्याचे प्रत्यारोपण झाले होते. दुसरा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. ऑक्टोबरमध्ये त्याच्या गुडघ्यातील एसीएल या लिगामेंटची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली होती आणि सात महिने झाले, आता खेळू द्या, एवढे एकच मागणे घेऊन तो आला होता. तिसरा त्याचा मामा, वय चाळिशीच्या आसपास, अंबडच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक. भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून तो आला होता, कारण भाचा माझे म्हणणे घरी नीट सांगत नाही अशी त्याच्या बहिणीची तक्रार होती. सुभेदारांची या दोघांशी ओळख नव्हती. परंतु भाच्याच्या अंगात लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचा लाल शर्ट होता, आणि तो पाहून सुभेदारांनी काठी बाजूला ठेवत विचारले, “उद्या शेवटचा सामना ना रे त्याचा?”

तो म्हणजे युर्गन क्लॉप. २०१५च्या ऑक्टोबरपासून लिव्हरपूलचा मॅनेजर असलेला हा जर्मन माणूस रविवारी वुल्व्हजविरुद्धच्या सामन्यानंतर निरोप घेणार होता. इंग्लंडमध्ये संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात हेही मला त्याच दिवशी कळले. तोवर मॅनेजर म्हटले की मला फक्त बँकेतलाच आठवत असे.

विद्यार्थ्याच्या मते क्लॉपसारखा मॅनेजर झाला नाही आणि होणार नाही. तीस वर्षे न मिळालेले लीगचे विजेतेपद त्याने २०२०मध्ये ९९ गुणांसह मिळवले. त्याच्या आदल्या वर्षी बार्सिलोनाकडून पहिला सामना ०-३ असा हरल्यावर घरच्या मैदानावर ४-० असा विजय मिळवून त्याचा संघ अंतिम फेरीत गेला आणि युरोपचा विजेता ठरला. सुभेदारांनी हे सारे मान डोलावत ऐकून घेतले आणि म्हणाले, “चांगला आहे. पण पेझली तो पेझली.”

बॉब पेझलीचे नाव मी तेव्हा प्रथम ऐकले. १९८१ साली हिमालयातल्या एका चौकीवर हे सुभेदार रेडिओला कान लावून इंग्लंडमधल्या सामन्यांचे वृत्त ऐकत असत, त्या काळातला हा मॅनेजर. १९७४ ते १९८३ या नऊ हंगामांत त्याने सहा वेळा लीग जिंकली आणि तीन वेळा युरोपियन कप : १९७७मध्ये रोम, १९७८मध्ये वेम्बली आणि १९८१मध्ये पॅरिस. त्यातही सुभेदारांना विशेष प्रिय असलेली बाब अशी, की पेझली दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात होता. उत्तर आफ्रिकेतून इटलीत गेला, १९४४मध्ये सैनिक म्हणून मुक्त झालेल्या रोममध्ये शिरला आणि तेहतीस वर्षांनी त्याच रोममध्ये कप जिंकला. “आमच्यातला माणूस,” असे ते म्हणाले, तेव्हा त्यांचा गुडघा मी सांगितलेल्या अंशापेक्षा थोडा जास्तच वाकलेला मला दिसला. वादाचा असाही उपयोग होतो.

“पण काका, पाया शँक्लीचा होता,” मामा मध्ये पडला. हे सुभेदारांनाही मान्य होते. बिल शँक्ली १९५९च्या डिसेंबरमध्ये आला तेव्हा लिव्हरपूल दुसऱ्या विभागात खितपत पडले होते. १९६२मध्ये त्याने संघ वर आणला, १९६४मध्ये लीग जिंकली, आणि त्याच वर्षी नखशिखांत लाल पोशाख आणला, जो माझ्यासमोर या विद्यार्थ्याच्या अंगावर घामाने चिकटला होता. पेझली पंधरा वर्षे याच शँक्लीच्या हाताखाली होता. मी सहज विचारले, “हाताखाली म्हणजे काय करत होता?” सुभेदार म्हणाले, “तुमचंच काम, मॅडम. खेळाडूंचे पाय बघायचा.”

एव्हाना वीस मिनिटे होऊन गेली होती आणि मीही खुर्ची पुढे ओढली होती. १९५४मध्ये खेळणे थांबवल्यावर पेझलीने स्वतःच अभ्यास करून फिजिओथेरपी शिकून घेतली. खेळाडू मैदानात चालत येताना पाहून त्याला कुठे दुखते आहे हे तो ओळखत असे, कधीकधी त्या खेळाडूने तोंड उघडण्याआधी, अशी त्याची ख्याती होती. शँक्लीचा स्वभाव नेमका उलट. दुखापत झालेल्या खेळाडूशी तो धड बोलतही नसे. जणू तो माणूस त्याच्या लेखी उरलाच नाही. आमच्या व्यवसायात अशी माणसे रोज भेटतात, बहुधा रुग्णाच्या वडिलांच्या रूपात.

मग सुभेदारांनी जेरी बर्नची गोष्ट सांगितली, आणि मला ती अजिबात आवडली नाही. १९६५चा एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा अंतिम सामना, समोर लीड्सचा संघ. सुरुवातीच्याच काही मिनिटांत बर्नच्या गळ्याजवळचे हाड मोडले. त्या काळी बदली खेळाडूची सोयच नव्हती. पेझलीला हाड मोडल्याचे कळले होते, परंतु लीड्सला सुगावा लागू नये म्हणून ते लपवून ठेवले गेले आणि बर्न जादा वेळेसह पूर्ण १२० मिनिटे खेळला. इतकेच नव्हे, तर पहिला गोल त्याच्याच पासवर झाला. लिव्हरपूलने २-१ असा विजय मिळवून पहिल्यांदाच हा कप जिंकला. सुभेदारांच्या डोळ्यांत अभिमान होता. मी म्हणाले, “काका, हे शौर्य असेल, पण ज्याला कळले त्याने खेळू द्यायला नको होते.” ते क्षणभर थांबून म्हणाले, “मॅडम, खंदकात बदली खेळाडू नसतो.” यावर मला तेव्हा उत्तर सुचले नाही. माझे मत मात्र बदललेले नाही.

त्या मानाने दुसरी हकिकत मला फार पटली. शँक्लीच्या काळात खेळाडू ॲनफिल्ड या क्लबच्या घरच्या मैदानावर कपडे बदलून बसने मेलवुडच्या सरावाच्या मैदानावर जात, आणि सराव संपल्यावर तिथे अंघोळ न करता पुन्हा बसने ॲनफिल्डला येत. त्या प्रवासात अंग आपोआप निवत असे, घाम वाळत असे, आणि मगच गरम पाणी. १९६५-६६च्या लीगमध्ये संपूर्ण हंगामभर या संघाला केवळ १४ खेळाडू पुरले. त्याचे सारे श्रेय बसला देता येणार नाही, पण व्यायामानंतर अंग सावकाश निवू द्या हे मी दिवसातून दहा वेळा सांगते आणि दहाही वेळा लोक मान डोलावून थेट पार्किंगकडे धावतात.

मामाचा पक्ष तिसराच होता : लिव्हरपूलचाच आणखी एक मॅनेजर, राफाएल बेनितेझ. २५ मे २००५ची, युरोपियन कपच्या अंतिम सामन्याची इस्तंबूलची रात्र त्याने वसतिगृहातल्या टीव्हीवर पाहिली होती. मध्यंतराला मिलान ३-० असे पुढे. अर्धे वसतिगृह झोपायला गेले. मामा गेला नाही. त्या मध्यंतरात बेनितेझने जिमी ट्राओरेला बाहेर काढायचे ठरवले होते आणि तो अंघोळीच्या तयारीत होता. तेवढ्यात संघाच्या फिजिओने सांगितले की स्टीव्ह फिनन पुढे खेळू शकणार नाही. मग फिनन बाहेर, ट्राओरे पुन्हा आत. पुढे सहा मिनिटांत तीन गोल झाले, आणि दुसऱ्या अर्धात याच ट्राओरेने गोलरेषेवरून चेंडू परतवला. पेनल्टींवर लिव्हरपूल जिंकले. “म्हणजे युरोपियन कप फिजिओमुळे मिळाला,” असे मी म्हणाले, तेव्हा तिघेही हसले. मी अर्धी तरी गंभीर होते.

विद्यार्थ्याने संधी साधून आपला विषय काढला. मी त्याला विचारले, “तुमच्या क्लॉपने त्या व्हर्जिल व्हॅन डाइकला किती महिन्यांनी खेळवले?” हे एक नाव मला ठाऊक होते, कारण एसीएलचे निम्मे तरुण रुग्ण ते घेतातच. तो अडखळला. लिव्हरपूलचा बचावपटू व्हॅन डाइक याला १७ ऑक्टोबर २०२० रोजी हीच दुखापत झाली. तो उरलेला हंगाम खेळला नाही, युरो स्पर्धाही त्याने सोडली, आणि लीगमध्ये परतला तो २०२१च्या ऑगस्टमध्ये. दहा महिने. क्लॉपचा संघ त्या वर्षी बचावपटूंअभावी गडगडत होता. “क्लॉपला घाई नव्हती, तुम्हाला आहे?” मी म्हणाले. तो काहीच बोलला नाही.

भाचा गप्प झालेला पाहून मामाला चेव आला. क्लॉप म्हणजे नुसता तमाशा, असे सांगत तो उभा राहिला. एप्रिल २०२३मध्ये टॉटनहॅमविरुद्ध शेवटच्या क्षणी चौथा गोल झाला, तेव्हा चौथ्या पंचाच्या अंगावर धावून जाताना क्लॉपच्या स्वतःच्याच मांडीचा स्नायू दुखावला होता. मामाने ती धाव, तो थबकणे, तो मांडीवर हात, सगळे हुबेहूब केले. मग सामना जिंकल्यावर प्रेक्षकांसमोर क्लॉप हवेत मुठी कशा आपटतो ते दाखवण्यासाठी त्याने चवड्यांवर उंच होऊन मूठ उगारली.

त्याची डावी टाच उचलली गेली. उजवी जमिनीवरच राहिली.

त्याने दुसऱ्यांदा मूठ उगारली, पुन्हा तेच. हसणे चालू होते. मी त्याला विचारले, “उजव्या पायाला काय झाले आहे?” तो म्हणाला, “काही नाही, मुरगळलाय. दोन आठवडे झाले.” ५ मेच्या रविवारी टर्फवर खेळताना, चेंडूकडे झेपावण्यासाठी पाय रेटला त्या क्षणी कोणीतरी मागून पोटरीखाली जोरात लाथ मारल्यासारखे त्याला वाटले. तो चिडून मागे वळला, तर मागे कोणीच नव्हते. हे वाक्य ऐकल्यावर तपासणीची जवळजवळ गरजच उरत नाही. तरीही मी त्याला आत नेले, पालथे झोपवले, दोन्ही पावले पलंगाच्या कडेबाहेर ठेवली आणि आधी डावी पोटरी हाताने दाबली. पाऊल खाली वळले, जसे वळायला हवे. उजवी दाबली, पाऊल हलले नाही. टाचेच्या वर चार बोटांवर, जिथे दोरखंडासारखी शीर लागायला हवी, तिथे माझे बोट खड्ड्यात गेले. पोटरीचे स्नायू टाचेला जोडणारा अकिलिस टेंडन पूर्ण तुटला होता. आजींनी मोबाइलचा उजेड धरला होता आणि दारात काठी टेकून सुभेदार उभे होते.

ज्यांनी त्याला मुरगळ म्हणून क्रेप बँडेज बांधून दिले त्यांच्यावर मी फार रागावले नाही. पायाचे इतर स्नायू पाऊल थोडेफार खाली ढकलू शकतात, त्यामुळे असा माणूस चालतो, जिने उतरतो, कामावरही जातो. फक्त त्या एका पायाच्या चवड्यावर उंच होऊ शकत नाही, आणि मोठ्या माणसाला चवड्यांवर उंच व्हायला रोजच्या आयुष्यात कोण सांगते? तो लंगडत आला असणार हे मात्र मला आधीच दिसायला हवे होते. मी बाहेर आले तेव्हा तो बसलेला होता, ही माझी सबब आहे. माझ्या ओळखीच्या अस्थिरोगतज्ज्ञांना मी तिथूनच फोन लावला. दोन टोके जितकी उशिरा जुळवावीत तितकी ती आखडतात, म्हणून सोमवार उजाडण्याची वाट पाहू नका, असे मी मामाला दोनदा बजावले.

वीज साडेआठला आली. सुभेदार शेक घेताना म्हणाले, “पेझलीनं दारातच ओळखलं असतं.” हा टोमणा होता की कौतुक, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या रात्री मी पेझलीविषयी बरेच वाचले. ॲनफिल्डबाहेर त्याचा पुतळा २०२०मध्ये उभारला, तो कप हातात घेतलेला नाही. १९६८मध्ये टॉटनहॅमविरुद्ध जखमी झालेल्या एम्लिन ह्यूजला पाठीवर घेऊन तो मैदानाबाहेर चालला आहे, त्या छायाचित्रावरून तो घडवला आहे. तीन युरोपियन कप जिंकलेल्या माणसाचा पुतळा त्याच्या फिजिओच्या दिवसांतला असावा, याचा मला जो आनंद झाला तो निःपक्षपाती नाही, हे मी कबूल करते. त्या वादात माझेही एक मत आहे आणि ते सुभेदारांच्या पारड्यात आहे. त्यांची कारणे वेगळी आणि माझी वेगळी.

मामाची सोनोग्राफी रविवारी झाली आणि निदान पक्के ठरले. रात्री त्याने उशीवर पाय ठेवून क्लॉपचा निरोपाचा सामना पाहिला. लिव्हरपूल २-० असे जिंकले. सोमवारी पायाला प्लास्टरचा स्लॅब आणि काखेत कुबड्या घेऊन तो मतदान करून आला, मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. भाच्याला मी ऑगस्टमध्ये खेळायची परवानगी दिली, दहा महिन्यांनी.

एका पायाच्या चवड्यावर उभे राहणे ही या दुखापतीतली सर्वांत उशिरा परतणारी गोष्ट आहे. मामाला ती जानेवारीत साधली, तीही भिंतीला दोन्ही हात टेकून, टाच जेमतेम दोन बोटे वर. भाचा मोठ्याने आकडे मोजत होता. पाच झाल्यावर मी म्हणाले, “आता भिंत सोडून क्लॉप करून दाखवा.”

“नको मॅडम,” मामा टाच सावकाश खाली टेकवत म्हणाला, “आता क्लॉपच्या जागी स्लॉट आहे. तो उड्या मारत नाही.”