२६.३ अब्ज डॉलर : एका आकड्याचा माग

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवरील एका दीर्घ लेखासाठी मला एकच साधे वाक्य लिहायचे होते: फोन आणि ब्राउझरमध्ये डीफॉल्ट, म्हणजे वापरणाऱ्याने काही न बदलता आपोआप चालणारे शोधयंत्र आपलेच असावे, यासाठी गूगल इतर कंपन्यांना वर्षाला किती पैसे देते? प्रश्न जसाच्या तसा शोधचौकटीत टाकला, तेव्हा उत्तरांची वाण नव्हती; अडचण होती ती त्यांच्यातील विसंगतीची. कुठे १८ अब्ज डॉलर, कुठे २० अब्ज, तर कुठे २६.३ अब्ज. पैसे घेणारी कंपनी कधी एकटी ॲपल, कधी ॲपलच्या जोडीला सॅमसंग, फायरफॉक्स ब्राउझर बनवणारी मोझिला आणि मोबाइल सेवा पुरवणाऱ्या कंपन्या. वर्ष कधी २०२१, कधी २०२२ आणि बऱ्याच ठिकाणी वर्षाचा पत्ताच नाही. बहुतेक पाने एकमेकांच्या आधारावर लिहिलेली होती, त्यामुळे एकच आकडा अनेक ठिकाणी दिसला म्हणून त्याचे वजन वाढत नव्हते.

निकालांच्या वर येणारे यंत्रनिर्मित सारांश मला नको होते, कारण मला आकड्याइतकाच तो कोणत्या कागदावरचा आहे हे हवे होते. गूगलवर मे २०२४ पासून ‘वेब’ नावाची स्वतंत्र चाळणी आहे. ती निवडली की सारांश, चित्रफिती आणि इतर चौकटी बाजूला होऊन केवळ दुव्यांची यादी उरते. साधनांच्या यादीतील ‘व्हर्बॅटिम’ हा पर्यायही मी चालू केला, म्हणजे यंत्राने माझ्या शब्दांऐवजी समानार्थी शब्द परस्पर शोधू नयेत.

त्यानंतर ठरवले की आकडा खरा की खोटा हे नंतर पाहू, आधी तो जगासमोर कधी आला ते शोधू. यासाठी ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ हे दोन आदेश आहेत. ते रोमन लिपीत लिहायचे, पुढे कोलन द्यायचा आणि जागा न सोडता वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख टाकायची. हे आदेश गूगलने २०१९ मध्ये दिले आणि माझ्या मते सर्व आदेशांत तेच सर्वाधिक दुर्लक्षित आहेत. मात्र पानाची तारीख हा यंत्राचा स्वतःचा अंदाज असतो. जुन्या पानात नंतर घातलेला मजकूर जुन्या तारखेखाली दिसू शकतो, म्हणून प्रत्येक पान उघडून तारीख तपासावी लागते. तारखेची मर्यादा पुढेमागे सरकवत गेल्यावर गुंता सुटू लागला. २६.३ अब्जांचा आकडा ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, अमेरिकी सरकारने गूगलच्या शोधक्षेत्रातील मक्तेदारीविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये चालवलेल्या खटल्यात गूगलचे वरिष्ठ अधिकारी प्रभाकर राघवन यांच्या साक्षीच्या वेळी उघड झाला होता; त्याआधीच्या पानांवर तो सापडत नाही. ॲपलशी संबंधित २० अब्जांचा आकडा मे २०२४ च्या सुमारास खुल्या झालेल्या न्यायालयीन कागदपत्रांतून पुढे आला होता. १८ अब्जांचा आकडा वृत्तपत्रीय सूत्रांवर आधारलेला निघाला, म्हणून तो मी बाजूला ठेवला.

आता प्रत्यक्ष कागद हवा होता. येथपर्यंत मी बातमीच्या भाषेत शोधत होतो. न्यायालय त्या भाषेत लिहीत नाही. बातमीत ‘डीफॉल्टसाठी मोजलेले पैसे’ असतात, तर निकालपत्रात ‘रेव्हेन्यू शेअर’ (उत्पन्नातील वाटा) आणि ‘ट्रॅफिक ॲक्विझिशन कॉस्ट्स’ (वापरकर्ते मिळवण्याचा खर्च) असतात. हे शब्द जसेच्या तसे शोधले जावेत म्हणून अवतरणचिन्हांत घालून, ‘साइट’ या आदेशाने शोध अमेरिकी न्यायालयांच्या आणि नंतर तेथील न्याय विभागाच्या संकेतस्थळापुरता मर्यादित केला आणि ‘फाइलटाइप’ने केवळ पीडीएफ मागितल्या. शोधनिकालांची यादी एकदम आटोपशीर झाली. (अवतरणचिन्हांचे हे काम पूर्वी अधिकचे चिन्हही करत असे. २०११ मध्ये गूगलने ते ‘गूगल प्लस’ या आपल्या नव्या समाजमाध्यमासाठी राखून ठेवले. ते समाजमाध्यम २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झाले, पण चिन्ह काही परत आले नाही.)

सर्वांत उपयोगी ठरला तो खटल्याचा क्रमांक. नावाने शोधले असते तर गूगलविरुद्धचे असंख्य खटले समोर आले असते. क्रमांक मात्र एका न्यायालयात एकाच खटल्याचा असतो. त्यातही एक बारकावा आहे: निकालपत्रावर तो ‘२०-सीव्ही-३०१०’ असा आहे, तर न्यायालयाच्या नोंदवहीत शेवटच्या भागाआधी एक शून्य असते. अवतरणचिन्हांत एक रूप टाकले की दुसऱ्या रूपातील कागद हुकण्याचा धोका असतो, म्हणून दोन्ही रूपे मोठ्या लिपीतील ‘ऑर’ने जोडून शोधली. त्यातून न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी दिलेले, गूगलने मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवल्याचे ठरवणारे, अडीचशेहून अधिक पानांचे निकालपत्र मिळाले.

त्या पीडीएफमध्ये शब्दशोध करून दोन्ही आकड्यांच्या जागा पाहिल्या. २०२१ मधील २६.३ अब्ज डॉलर ही सर्व करारांखालची एकत्रित रक्कम आहे. २० अब्ज डॉलर ही २०२२ मध्ये एकट्या ॲपलला दिलेली रक्कम असून ती जगभरातील शोधांसाठीची आहे आणि न्यायालयाने तिला अंदाजे म्हटले आहे. म्हणजे आकडे परस्परविरोधी नव्हतेच. ते दोन वेगळ्या गोष्टींचे होते आणि नक्कल होत जाताना त्यांच्या मागचे शब्द गळून पडले होते.

पडताळणीसाठी दुसरे शोधयंत्र वापरताना एक काळजी घ्यावी लागली. डकडकगो या शोधयंत्राचे दुवे मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात, त्यामुळे या दोघांनी एकच पान दाखवले तर ती दोन स्वतंत्र साक्षी ठरत नाहीत. त्याच निकालपत्रानुसार २०२० मध्ये अमेरिकेतील सुमारे ९० टक्के शोध गूगलवरच होत होते, हे वाचल्यावर वेबपानांची स्वतःची स्वतंत्र सूची असलेली शोधयंत्रे इतकी थोडी का, हा प्रश्न मला फारसा पडला नाही. एका बातमीचा दुवा मृत होता. गूगलने साठवलेल्या प्रतींचे दुवे २०२४ च्या सुरुवातीला काढून टाकले होते, त्यामुळे इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये पत्ता टाकून जुनी प्रत पाहिली आणि तळटीपेत तिचाच दुवा दिला.

लेख पूर्ण झाल्यावरही खटल्याचा क्रमांक मी जपून ठेवला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये याच न्यायाधीशांनी त्या मक्तेदारीवरील उपाययोजनांचा निकाल दिला, तेव्हा ‘पैसे देण्यावर बंदी’ आणि ‘पैसे देण्यास मुभा’ असे दोन्ही सुरांचे मथळे दिसू लागले होते. क्रमांक, पीडीएफची अट आणि ‘आफ्टर’ची तारीख एकत्र टाकून मी थेट निर्णयाकडे गेलो: फक्त गूगलच ठेवण्याची अट घालणाऱ्या अनन्य करारांना मनाई आहे, डीफॉल्टसाठी पैसे देण्यास सरसकट मनाई नाही आणि क्रोम विकण्याची सक्तीही नाही. लेखातील संबंधित परिच्छेद त्यानुसार दुरुस्त केला.