आईचं इन्सुलिन आणि ईएसआयची यादी

अंबड एमआयडीसीत मला 18,000 पगार आहे. त्यातून ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे 0.75 टक्के, म्हणजे 135 रुपये कापले जातात आणि कंपनी 3.25 टक्के भरते. आई माझ्यावर अवलंबून असल्याने तिचेही उपचार याच कार्डावर होतात. महात्मा फुले योजनेचा भर ॲडमिट होणाऱ्यांवर. रोजच्या गोळ्यांसाठी आमच्यासारख्यांना ईएसआयचाच आधार.

मोठ्या डॉक्टरांनी आईला ग्लार्जिन इन्सुलिन सुरू केलं. ईएसआय दवाखान्याच्या खिडकीवर फार्मासिस्टने चिठ्ठीवर लाल पेन फिरवला. मेटफॉर्मिनवर बरोबरची खूण, दोन नावांभोवती गोल. "दादा, ही दोन आमच्या औषधांच्या यादीत नाहीत." बाहेरून आणली. महिनाअखेर आईने मला न सांगता दोन-दोन युनिट कमी टोचायला सुरुवात केली, इन्सुलिनचं पेन पुरावं म्हणून. साखर चढली तेव्हा कळलं. मला त्याचा फार त्रास झाला.

दोन गोलांतला एक सहज सुटला. बीपीची ती गोळी म्हणजे टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र, कंपनीच्या नावाने लिहिलेली. दोन्ही वेगवेगळी यादीत होती. डॉक्टरांनी औषध मूळ (जेनेरिक) नावाने लिहावं असा नियम 2016 पासून आहे. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना विनंती केली, त्यांनी लगेच चिठ्ठी बदलून दिली.

ग्लार्जिन मात्र खरंच नव्हतं. 2022 च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीतल्या 384 औषधांत ते आहे, पण त्या यादीने भावावर मर्यादा येते. दवाखान्याच्या कपाटात काय येणार, हे त्यांची स्वतःची यादी आणि खरेदीचे करार ठरवतात. मग चिठ्ठीवर 'उपलब्ध नाही' असा शिक्का मागून घेतला. मूळ बिलं, चिठ्ठीची झेरॉक्स, पासबुक जोडून खर्च परत मिळण्यासाठी अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच घ्याच, फाइल 'सापडत नाही' तेव्हा तीच कामी येते. पैसे मिळाले, पण फार उशिरा. आधी खिशातून घाला, मग मागा. ज्याच्या खिशात नाहीतच, त्याची आई काय टोचणार?

म्हणून पुढचा अर्ज स्थानिक खरेदीसाठी केला, म्हणजे दवाखान्यानेच औषध बाहेरून विकत घेऊन द्यावं. तो मंजूर झाला. आता पेन संपायच्या आठवडाभर आधी चिठ्ठी देतो आणि दवाखानाच आणून देतो. यादी खिडकीबाहेर मूळ नावांनी, मराठीत लावा, असं लेखी मागणंही दिलंय. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.