चाकू की बंदूक?

मी जखमींच्या नोंदी ठेवते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "देशात जास्त जखमा कशाने होतात हो, चाकूने की बंदुकीने?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आधी, कुठला देश? अमेरिकेत खुनात बंदूक पुढे, इंग्लंड-वेल्समध्ये सुरी. रागाच्या भरात माणूस हाताला लागेल ते उचलतो, म्हणून काय हाताला लागतं यावर बरंच अवलंबून. आणि अमेरिकेत गोळीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त जण आत्महत्या केलेले असतात. हे सांगितलं की विचारणारा जरा गप्प होतो.

मग, मोजायचं कुठे उभं राहून? छातीत गोळी लागलेले कितीतरी जण दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत, त्यांची नोंद शवागारात. भाजी चिरताना बोट कापलेला टाके घालून घरी जातो. आमच्या रजिस्टरात येतात ते या दोघांच्या मधले. नुसते दाखल झालेले मोजले तर बंदूक आहे त्यापेक्षा सौम्य दिसते.

शिवाय शरीरात काही घुसलं म्हणजे हल्लाच, असंही नाही. काचेच्या दारावर धावत गेलेलं मूल असतं, सळईवर पडलेला बांधकाम मजूर असतो. (सळई आत असेल तर ती उपसून काढू नका, कित्येकदा तिनेच रक्त थोपवलेलं असतं.) तरी हल्ल्याच्या नोंदी चाळल्या की तरुण पुरुषच जास्त, जवळजवळ सगळीकडे.

खरी पंचाईत कारणाच्या रकान्यात. सुरी तीच, पण आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आणि जखमांच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत, कोड चार: चुकून लागली तर डब्ल्यू२६, स्वतःच मारून घेतली तर एक्स७८, दुसऱ्याने मारली तर एक्स९९, काहीच ठरवता येत नसेल तर वाय२८. जखमेवरून अंदाज येतो, हेतू माणसाने सांगावा लागतो. आणि माणूस सांगतो, "पडलो."

वेल्समधल्या कार्डिफ शहरातले सर्जन जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आलं की मारहाणीत जखमी होऊन आलेल्या कितीतरी जणांचा पोलिसांकडे पत्ताच नाही. मग तिथे येणाऱ्याला कुठे, कधी, कशाने एवढंच विचारायला लागले आणि नावं वगळून ती माहिती पोलीस व पालिकेला देऊ लागले. हिंसेमुळे दाखल होणारे तशाच इतर शहरांच्या तुलनेत घटले, असा अभ्यास २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तीन साधे प्रश्न! मला तर कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा हे मोठं वाटतं.

आमच्याकडे एकदा पोटात वार घेऊन एक जण आला. "सुरी हातात असताना घसरलो." मी डब्ल्यू२६ लिहिलं. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना सिस्टरने सहज पुन्हा विचारलं. तो बराच वेळ छताकडे बघत राहिला, मग म्हणाला, "भावाने."

मी कोड बदलला. त्या वर्षीच्या तक्त्यात एक अपघात कमी झाला, एक हल्ला वाढला.